भाच्यानं अलास्काहून आणलेला पंखांचा पॅच : ११ एअरबोर्न डिव्हिजनला 'एंजल्स' पहिल्यांदा कुणी म्हटलं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझा भाचा मराठा लाइट इन्फन्ट्रीत आहे. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'युद्ध अभ्यास'साठी त्यांची पलटण अलास्कात फोर्ट वेनराइटला गेली होती. तिथल्या एका अमेरिकन जवानाशी त्याची गट्टी जमली आणि निघताना दोघांनी आपापले पॅच एकमेकांना दिले. तो पॅच त्यानं यंदा दिवाळीच्या सुट्टीत माझ्या आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या हातात ठेवला.

निळी ढाल, मधे लाल गोल, त्यात पांढरा ११ आणि गोलातून वर झेपावणारे दोन पंख. वरच्या पट्टीवर 'एअरबोर्न'. आईनं चष्मा लावला, अंगठ्यानं कडेची शिवण चाचपली आणि म्हणाली, "गरुड हाय व्हय रं?" भाचा म्हणाला, "न्हाय आजी, देवदूत. त्यांच्या डिव्हिजनचं नावच एंजल्स हाय." आई म्हणाली, "बंदुका घिऊन फिरणाऱ्यास्नी देवदूत पैल्यांदा म्हटलं कुणी?"

भाच्याला सांगता येईना, मलाही येईना. म्हणून हा धागा. जाणकारांनी मनावर घ्यावं.

निशिगंध
एंजल्स म्हणजे निळ्या विमानांच्या कसरती करतात तेच का?

पॅसिफिकपान
नाही निशिगंध. ते 'ब्लू एंजल्स', अमेरिकी नौदलाचं १९४६ पासूनचं कसरतपथक. हे भूदलाचे छत्रीधारी सैनिक. कृष्णाकाठ, रात्री निवांत लिहितो, विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मामलेदार_मिसळ
स्क्रीमिंग ईगल्स म्हणजे पण हेच ना? आजींनी गरुड ओळखला तो बरोबरच म्हणायचा मग.

दुर्बीण
मामलेदार, स्क्रीमिंग ईगल्स ही १०१ वी एअरबोर्न. त्यांचा गरुड खराखुरा होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या ८ व्या पलटणीनं 'ओल्ड एब' नावाचा गरुड पाळला होता आणि तो लढाईत सोबत नेत असत. त्याचं डोकं त्यांच्या पॅचवर आहे. ८२ वी एअरबोर्न 'ऑल अमेरिकन', कारण पहिल्या महायुद्धात तिच्यात देशातल्या प्रत्येक राज्यातला माणूस होता. या दोन नावांचा उगम स्पष्ट आहे. ११ वीचा तसा नाही, म्हणून आजींचा प्रश्न मोलाचा आहे.

पॅसिफिकपान
आता बसलोय. आधी या डिव्हिजनचा जन्म सांगतो, नावाकडे मागून येतो.

२५ फेब्रुवारी १९४३ ला नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प मॅकॉलला ही डिव्हिजन उभी राहिली. मेजर जनरल जोसेफ स्विंग हे पहिले प्रमुख, वेस्ट पॉइंटला आयझेनहॉवर यांचे वर्गबंधू. ५११ वी पॅराशूट रेजिमेंट आणि १८७, १८८ या दोन ग्लायडर (म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून उतरणाऱ्या) रेजिमेंट, सगळी मिळून आठेक हजार माणसं. साध्या पायदळ डिव्हिजनमध्ये तेव्हा १४ हजारांवर माणसं असत, म्हणजे ही तशी लहानखुरीच.

त्याच वर्षी जुलैत सिसिलीवर छत्रीधारी उतरवताना मोठा घोळ झाला. माणसं भलतीकडेच विखुरली, आणि एका रात्री तर अमेरिकी तोफांनीच आपली विमानं पाडली. अख्खी डिव्हिजन हवेतून उतरवणं व्यवहार्य नाही असं आयझेनहॉवर यांचं मत झालं. मग डिसेंबर १९४३ मध्ये नोलवुडला मोठा सराव ठेवला. रात्रीच्या अंधारात स्विंग यांच्या माणसांनी उड्या टाकल्या, ग्लायडर उतरले, विमानतळ ताब्यात घेतला. त्या सरावानं एअरबोर्न डिव्हिजन मोडीत निघण्यापासून वाचल्या. एकही गोळी झाडायच्या आधी ११ वीनं केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं, आणि त्याबद्दल बोललं फार कमी जातं.

पुढे पॅसिफिक. नोव्हेंबर १९४४ मध्ये फिलिपाइन्सच्या लेयते बेटावर ते चक्क जहाजानं उतरले आणि डोंगरात चालत शिरले. पाऊस थांबत नव्हता, रस्ता नव्हता. खाणंपिणं, दारूगोळा, औषधं सगळं लहान विमानांतून खाली टाकायचे. पुढे टीव्हीलेखक म्हणून नावाजलेले रॉड सर्लिंग या ५११ मध्येच होते. वरून टाकलेलं अन्नाचं खोकं अंगावर पडून त्यांचा मित्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. वरून येणारं सगळंच तारणारं नसतं, हे त्या पोरांनी विशीतच पाहिलं. आणि ६ डिसेंबरला तर जपानी छत्रीधारीच बुराउएनच्या धावपट्ट्यांवर यांच्या डोक्यावर उतरले. कारकून, स्वयंपाकी, हातात रायफल येईल तो लढला.

अनघा_अँकरेज
मी अकरा वर्षं अँकरेजमध्ये राहते, हा पॅच इथे रोज दिसतो. पण २०२२ च्या आधी दिसत नव्हता. इथल्या ब्रिगेड हवाईतल्या २५ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनचा पॅच लावायच्या. बाहीवर उष्ण कटिबंधाची खूण आणि बाहेर उणे तीस-चाळीस. ६ जून २०२२ ला इथे ११ वी एअरबोर्न पुन्हा उभी केली आणि 'आर्क्टिक एंजल्स' हे नाव रुळलं.

यामागचं एक कारण मनाला लागतं. त्या काळात अलास्कातल्या सैनिकांमध्ये आत्महत्या फार झाल्या होत्या. अंधारलेले हिवाळे, घरापासून हजारो मैल, आणि आपण इथे नेमके कशासाठी हा प्रश्न. लष्कराच्या वरिष्ठांनी उघड सांगितलं की या मुलांना स्वतःची ओळख आणि ध्येय हवं. मी इस्पितळात काम करते, अशा मुलांशी बोलले आहे. जुन्या नावाचा आधार माणसाला खरंच मिळतो. कृष्णाकाठ, तुमच्या भाच्याला पॅच देणाऱ्यानं तो सहज दिला नसणार.

कृष्णाकाठ
अनघाताई, अंगावर काटा आला. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या पोराची आई कुठं असती?"

बकुळीचं_झाड
आजी __/\__

साळीकांडण
मी भातावर काम करणारा माणूस. लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काही महिने प्रशिक्षणाला होतो. 'एंजल्स' या नावाचं मूळ बहुतेक लोक तिथेच सांगतात, म्हणून लिहितो.

संस्थेला लागूनच फिलिपाइन्स विद्यापीठाचा परिसर, मागे माकिलिंगचा डोंगर, आपल्या सह्याद्रीसारखा ढगात बुडालेला. त्या परिसरात बेकर हॉल नावाची जुनी इमारत आहे. मी रोज संध्याकाळी तिच्यावरून चालत जायचो. महिनाभरानं एका तिथल्या सहकाऱ्यानं सांगितलं की महायुद्धात हे सगळं आवार म्हणजे जपान्यांची कैद्यांची छावणी होती. कैदी म्हणजे सैनिक नव्हेत. मनिलात अडकलेले अमेरिकन, ब्रिटिश, डच व्यापारी, शिक्षक, परिचारिका, बायकामुलं, पाद्री आणि नन. धर्मगुरूंच्या बराकींना कैदी 'व्हॅटिकन सिटी' म्हणत.

१९४५ च्या फेब्रुवारीत रेशन जवळपास संपलं. मग पहारेकऱ्यांनी त्यांना न सडलेली साळ दिली. तुसासकट भात! हे ऐकून मी थांबलोच. माझा सगळा जन्म साळीत गेला आहे.

छावणीतून निसटलेल्या पीटर माइल्स या अभियंत्यानं सैन्याला सांगितलं की रोज सकाळी ७ च्या सुमारास पहारेकरी कवायतीला जमतात आणि त्यांच्या बंदुका तेव्हा कुलपात असतात. सगळा बेत या एका माहितीवर आखला. २३ फेब्रुवारीला पहाटे टेहळणी पथक आणि फिलिपिनो गनिमी योद्धे छावणीभोवती दबा धरून बसले. ५११ ची बाकीची तुकडी पन्नासहून अधिक पाण्यात-जमिनीवर चालणाऱ्या गाड्यांतून लागुना दे बाय सरोवर ओलांडून येत होती. बरोबर ७ वाजता ९ सी-४७ विमानांतून लेफ्टनंट जॉन रिंगलर यांच्या बी कंपनीनं छावणीलगत उड्या टाकल्या, त्याही फार खालून. पहिली छत्री उघडली तीच हल्ल्याची खूण.

२१४७ जण सुटले. त्यात तीन दिवसांची एक मुलगी होती. बंदिवानांपैकी एकही दगावला नाही. आणि एक गोष्ट माझ्या सहकाऱ्यानं हसत सांगितली : सुटलेली माणसं सामान बांधत रेंगाळायला लागली, जपानी फौज जवळच होती, तेव्हा सैनिकांना बराकी पेटवून त्यांना गाड्यांकडे न्यावं लागलं.

त्या सकाळी आकाशात पांढऱ्या छत्र्या पाहून एक नन म्हणाली की हे देवदूतच आलेत. तिथे ऐकलेली गोष्ट ही अशी आहे.

मालवणी_माय
साळीकांडण, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या आजीकडे व्हाईन होता, जमिनीत पुरलेला. दोघी बायका समोरासमोर उभ्या राहून मुसळं मारायच्या. चार पायली भात कांडला की दंड भरून यायचे, आणि त्या पोटभर पेज जेवलेल्या बायका होत्या. उपाशी माणसाच्या हातात साळ देणं म्हणजे काय, हे जिनं कांडलंय तिलाच कळेल. सडण्यातच अंगातली उरलीसुरली ताकद जाणार. त्यातून आकाशातून कोण उतरलं तर त्याला देव नाही तर काय म्हणणार, सांगा.

दुर्बीण
मालवणी माय, तुमचं म्हणणं पटतं, पण इतिहास म्हणून एक अडचण आहे. 'एंजल्स' हे नाव लॉस बान्योसच्या आधीपासून होतं असं जुन्या सैनिकांपैकी अनेक सांगत. त्यांच्यात फिरणारी गोष्ट अशी की न्यू गिनी-लेयतेच्या दिवसांत धक्क्यावरचा माल, खाण्याचे डबे, बिअर गायब व्हायचं आणि बोट ११ वीकडे जायचं. तक्रार आली की अधिकारी म्हणायचे, "माझी पोरं? ती तर देवदूत आहेत." म्हणजे नाव थट्टेत पडलं आणि मग चिकटलं.

मामलेदार_मिसळ
दुर्बीण, ही गोष्ट मला जास्त खरी वाटते. आमच्या आळीत आंबे चोरणाऱ्या टोळीला सगळे 'पांडव' म्हणायचे. त्यातले दोघे पुढे पोलिसात गेले.

बकुळीचं_झाड
आजींना हे उत्तर चालेल का पण? चोरी केली म्हणून देवदूत!

पॅसिफिकपान
दोन्ही खरं असू शकतं असं मी इतकी वर्षं वाचून म्हणतो. थट्टेतलं नाव आधी असेल. पण थट्टेतली नावं पलटणीच्या बाहेर जात नाहीत, सैनिक म्हातारे झाले की त्यांच्याबरोबर संपतात. हे संपलं नाही, कारण २३ फेब्रुवारीनंतर ते दोन हजार लोकांनी मनापासून उच्चारलं. तरीही जगानं ते तेव्हा फारसं ऐकलं नाही. जपानच्या इवो जिमा बेटावरच्या डोंगरावर अमेरिकी झेंडा फडकला तोही २३ फेब्रुवारी १९४५ लाच. वर्तमानपत्रं त्या छायाचित्रानं भरली आणि लॉस बान्योस मागे पडलं.

रानवाटा
मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. सगळे जण छत्र्यांकडे बघताय. ज्यांनी छावणीची खडान्‌खडा माहिती काढली, रात्रभर चिखलात दबा धरला, ते फिलिपिनो गनिमी योद्धे याच मातीतले होते. अमेरिकन सैनिक कैद्यांना घेऊन सरोवरापार निघून गेले. गाव तिथेच राहिलं. काही दिवसांनी जपानी सैनिक आणि त्यांचे स्थानिक साथीदार परतले आणि शेकडो गावकऱ्यांना मारलं, बायकामुलांसकट. त्यासाठी देवदूत कुणी आलं नाही. हे लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होत नाही.

साळीकांडण
रानवाटा, बरोबर पकडलंत, मीच लिहायला हवं होतं. ज्या सहकाऱ्यानं मला बेकर हॉल दाखवला, त्याच्या आजोळची माणसं त्यात गेली. ते सांगताना तो हसत नव्हता.

पॅसिफिकपान
मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही. पाठलाग होण्याची भीती होती, सरोवराच्या दोन खेपांत सगळ्यांना नेणं हेच तारेवरचं काम होतं. पण गावाला सावध करून हलवायची तजवीज झाली नाही, हेही खरं.

निवृत्त_सुभेदार
धागा उशिरा पाहिला. मी पॅरात होतो, आग्र्याला उडी शिकलो. एक दुवा सांगतो, तो इथे कुणाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

११ वीतली १८७ रेजिमेंट युद्ध संपल्यावर जपानात गेली. तिथे त्यांना 'राक्कासान' नाव पडलं. जपानीत पॅराशूटला राक्कासान म्हणतात, अर्थ पडणारी छत्री. आपणही छत्रीधारी सैनिकच म्हणतो की! हीच १८७ पुढे कोरियात गेली. २३ मार्च १९५१ ला मुनसान-नीला तिनं जी उडी घेतली, तिच्यात आपल्या ६० पॅरा फील्ड अँब्युलन्सचं वैद्यकीय पथक होतं. कमांडर लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज, १९४१ साली उडी टाकणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक, पुढे महावीर चक्र. जखमींवर तिथेच शस्त्रक्रिया केल्या. आणि या आपल्या डॉक्टरांना कोरियात नाव काय पडलं? 'मरून एंजल्स'! मरून बेरे घालणारे देवदूत.

१९५० च्या डिसेंबरमध्ये प्याँगयांग सोडताना सगळं साहित्य मागे टाकून निघा असा हुकूम होता. यांनी एक जुनं इंजिन शोधलं, स्वतः पेटवलं आणि सामानासकट गाडी नदीपलीकडे आणली. साहित्याशिवाय डॉक्टर काय कामाचा? २०२३ च्या भूकंपात तुर्कस्तानला गेलं ते ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल म्हणजे हेच.

अनघा_अँकरेज
सुभेदारसाहेब, हे मला अजिबात माहीत नव्हतं. इस्पितळात सगळ्यांना सांगणार आहे.

मामलेदार_मिसळ
आणि टांगाईल? आपल्याकडे छत्रीधारी म्हटलं की पहिलं तेच आठवतं.

निवृत्त_सुभेदार
टांगाईल माझ्या आधीचं, पण माझे उस्ताद त्या उडीत होते. ११ डिसेंबर १९७१, २ पॅरा, म्हणजे मूळची ३ मराठा लाइट इन्फन्ट्री. कर्नल पन्नू यांच्या हाताखाली लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल घ्यायचा होता. उस्ताद सांगायचे, "खाली उतरलो तर गावकरी धावत आले. आम्हाला वाटलं गडबड आहे. ते आमच्या छत्र्या गोळा करू लागले, पेट्या खांद्यावर घेऊन चालू लागले. 'जय बांगला' ओरडत होते." पूल संध्याकाळीच घेतला आणि पाच दिवसांनी पलटण ढाक्यात होती. रानवाटा, तुमचा मुद्दा उस्तादांनाही कळला असता. त्या गावकऱ्यांची आठवण ते पुलाच्याही आधी काढायचे.

बकुळीचं_झाड
मूळ प्रश्नावर या हो कुणीतरी. आजी वाट बघत असतील.

दुर्बीण
माझ्यापुरतं उत्तर : थट्टेत अधिकाऱ्यांनी म्हटलं, मनापासून कैद्यांनी. पहिलं कोण, याचा कागद नाही. पॅचवरचे पंख मात्र नावाच्या आधीचे. ती एअरबोर्नची खूण होती, पुढे लोकांना त्यात देवदूताचे पंख दिसू लागले.

मालवणी_माय
माझं मत ननच्याच बाजूनं. कृष्णाकाठ, पण एक सांगा, भाच्यानं त्याला बदल्यात काय दिलं?

कृष्णाकाठ
मंडळी, दोन दिवस सगळा धागा आईला वाचून दाखवत होतो. सिसिली आणि नोलवुडला ती पेंगली. साळीचा भाग आला तशी उठून बसली आणि तो परत वाचायला लावला. मग म्हणाली, "तीन दिसाच्या लेकराला घिऊन ती बाई तळ्यापार गेली. तिला इचार, देवदूत कोण ते."

मालवणी माय, तुमचा प्रश्न काल भाच्याला फोनवर विचारला. त्यानं आपल्या रेजिमेंटचा बिल्ला दिला, ढाल-तलवारी आणि बिगुल असलेला. तो अमेरिकन पोरगा हातात घेऊन म्हणाला, आम्ही एंजल्स, मग तुम्हाला काय म्हणतात? भाच्यानं सांगितलं, "गणपत." इंग्रजांच्या काळापासून मराठा शिपायाला फौजेत गणपत म्हणतात. त्याला अर्थ कळेना. मग भाच्यानं फोनवर आमच्या घरच्या गणपतीचा फोटो दाखवला आणि म्हणाला, याच्या नावाचे.

त्या पोराचा अजून मेसेज येतो. सुरुवात दर वेळी एकच : "गणपत, इकडे बर्फ पडलाय."